ब्रशच्या मुठीतलं लाल नाणं

बाजारात त्याला सगळे चुंबक म्हणायचे. आईबापांनी ठेवलेलं नावही त्याला होतं, पण ते वीजबिलावर तेवढं छापून यायचं. नाण्यांचं त्याचं दुकान माझ्या दुकानाला लागून. मध्ये प्लायवुडची भिंत, आणि ती भिंतही छतापर्यंत पोचलेली नाही. त्यामुळे त्याच्याकडे कोण आलं, काय घेऊन आलं आणि जाताना काय काय बोलून गेलं, हे मला जागेवरून न उठता कळायचं. मी रफूवाली. कुणाच्या कोटाला सिगारेटने भोक पडलं, कुणाची शाल उंदरांनी कुरतडली की ती वस्तू माझ्याकडे येते, आणि परत जाताना भोक कुठं होतं ते मालकालाही सापडत नाही. माझा धंदा भोकं झाकण्याचा, त्याचा उघडी पाडण्याचा. तरी आमचा शेजार चांगला चालला होता.

त्याच्या शर्टाच्या खिशात सदानकदा एक चुंबक असायचा, म्हणून ते नाव. ‘नाव चुंबक, पण चिकटलं कुणी नाही,’ असं मी त्याच्या तोंडावर म्हणायची आणि तो हसायचा. बायको लग्नानंतर लवकरच बहिणीकडे गेली ती गेलीच. झालं असं की तिच्या वडिलांनी जावयाला मोठ्या कौतुकाने आपला नाण्यांचा संग्रह दाखवायला काढला. ह्याने निदान जेवण उरकेपर्यंत तरी दम धरायचा! वाढलेलं ताट बाजूला सारून एकेक नाणं चुंबकाला लावलं आणि सासऱ्यांना सांगितलं, ‘साधी आहेत सगळी.’ सासरे तसेच उठले. बायकोने त्याला माफ केलं नाही, आणि मीही तिच्या जागी असते तर केलं नसतं.

‘साधं आहे’ हा त्याचा ठरलेला शब्द. नाण्याला खोटं तो कधी म्हणायचा नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाला, “ताई, नाण्याने काय केलंय? ते बिचारं साधंच असतं. त्याच्यावर कुणीतरी काहीतरी केलेलं असतं. खोटा असतो तो माणूस.” हे सांगताना असा चेहरा करायचा की जणू नाणी त्याची लेकरं आहेत आणि शाळेत त्यांना कुणी मारलंय.

लोक त्याच्याकडे बहुतेक एकाच नाण्यासाठी यायचे. फार वर्षांपूर्वी, लढाई चालू असताना, तांबं सगळं तोफगोळ्यांकडे वळलं होतं. त्या वर्षी टांकसाळीने सगळ्यात हलकं नाणं तांब्याऐवजी पोलादाचं काढलं. दिसायला पांढरं. पण आदल्या वर्षाच्या थोड्या तांब्याच्या चकत्या पेटीच्या तळाशी अडकून राहिल्या होत्या, त्या पोलादाच्या चकत्यांबरोबर यंत्रात गेल्या आणि त्यांच्यावरही तोच ठसा उमटला. अशी त्या वर्षाची लाल नाणी फारच थोडी निघाली. एखादं हाती लागलं तर माणसाचं नशीब उघडतं. त्यामुळे ती करणारे कारागीरही पुष्कळ निघाले. कुणी पांढऱ्या नाण्याला तांब्याचा मुलामा देतो. ते दिसायला हुबेहूब, पण आत पोलाद असल्यामुळे चुंबकाला टक्‌कन चिकटतं. कुणी त्याहून हुशार. तो पुढच्या वर्षांतलं खरं तांब्याचं नाणं घेतो, ज्याच्या सालाचा शेवटचा आकडा आठ आहे, आणि त्या इंग्रजी आठाची डावी बाजू खरवडून त्या लढाईच्या वर्षाचा तीन करतो. ते चुंबकाला चिकटत नाही. मग भिंग लागतं. खऱ्या तीनचं शेपूट खाली लांब उतरलेलं असतं, खरवडलेल्याचं आखूड राहतं, आणि खरवडलेली जागा आजूबाजूपेक्षा चकचकीत दिसते.

हे सगळं मला भिंतीपलीकडून ऐकून ऐकून पाठ झालं होतं. एकदा एक बसड्रायव्हर आला, त्याचं अजून आठवतं. गणवेशातच आला होता. नाणं रुमालात, रुमाल डब्यात, डबा पिशवीत. पांढऱ्या घराची स्वप्नं बघून आला होता, कारण बसल्या बसल्या खिडक्यांना कोणता रंग द्यायचा ते सांगत होता. मग टक्‌ असा आवाज आला. मग चुंबक म्हणाला, “साधं आहे.” त्या माणसाने पुन्हा लावून बघायला सांगितलं. पुन्हा टक्‌. जाताना तो म्हणाला, “तुम्हाला एवढंही म्हणता आलं नाही का, की नक्की सांगता येत नाही म्हणून?” मी भिंतीवरून ओरडले, “अरे, जरा गोड बोललास तर जीभ झडेल का?” चुंबक म्हणाला, “ताई, आज गोड बोलेन, उद्या तो दुसऱ्याला विकेल.” त्याचं काही चुकत नव्हतं, पण ऐकून माझा पारा चढायचा तो चढायचाच.

आता हा असा का झाला, ते सांगते. त्याचे वडील त्याच टांकसाळीत यंत्रावर कामाला होते. आणि त्याचा मामा, म्हणजे आईचा सख्खा थोरला भाऊ, तिथंच फाटकावर झडतीला. मामानेच वडिलांना नोकरीला चिकटवलं होतं. त्या वर्षी लाल नाणी निघालेली लक्षात आल्यावर टांकसाळीने सापडतील तेवढी परत गोळा केली, आणि त्याच आठवड्यात मामाने वरिष्ठांना सांगितलं, की झडतीच्या रांगेत मी माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या हातात लाल नाणं बघितलं, मी पुढे होईपर्यंत त्याने ते कुठं गडप केलं कळलं नाही. नाणं काही सापडलं नाही. पण सख्खा मेव्हणा सांगतोय म्हटल्यावर कोण विश्वास ठेवणार नाही? वडिलांना काढून टाकलं.

वडिलांचं म्हणणं एकच होतं, आणि ते त्यांनी मरेपर्यंत बदललं नाही. कामगार गंमत म्हणून पांढऱ्या नाण्यांना मुलाम्याच्या हौदात बुडवून लाल करायचे. माझ्या हातात होतं ते तसलंच एक, मुलामा दिलेलं. मेव्हण्याला बघून घाबरलो आणि गटारात टाकलं. बस. पुढे त्यांना कुठं धड काम मिळालं नाही. चुंबकाची आई दवाखान्याच्या धुलाईघरात चादरी धुवायला लागली. हात आयुष्यभर सोलवटलेले. आणि भावाशी तिने जे तोंड बंद केलं ते बंदच. “नवऱ्याला चोर म्हणणारा माझा भाऊ नाही,” असं ती चारचौघांत म्हणायची. पुढे मामा आजारी पडला, अंथरुणाला खिळला, तेव्हा त्याने बहिणीला निरोप धाडला, एकदा येऊन जा. हिने उलट निरोप दिला, आधी आपला शब्द मागे घे. मामाने परत सांगून पाठवलं, खरं आहे ते मागे कसं घेऊ? ती गेली नाही. मामा गेला तेव्हाही ती गेली नाही.

अशा घरात हा वाढला. जेवताना मुलामा, झोपताना मुलामा. वडील खरं बोलत होते हे ज्याला सिद्ध करायचंय, तो दुसरा कोणता धंदा करणार? पहिला चुंबक त्याने शाळेत असतानाच घेतला होता म्हणे.

वडील जाऊन काही वर्षं झाली होती. थंडीचे दिवस होते. सकाळी मी नुकतं शटर उघडून सुया लावत होते, तेवढ्यात त्याची आई आली. आम्ही सगळे तिला मावशी म्हणायचो. एवढ्या वर्षांत ती मुलाच्या दुकानात फारशी कधी आली नव्हती. माझ्या दाराशी थांबली. उजव्या हाताची मूठ गच्च आवळलेली.

“पोरी, जरा माझ्याबरोबर बस चल,” मला म्हणाली. “एकटीला बसवत नाही.”

मी तिच्यामागून गेले. गिऱ्हाइकाच्या खुर्चीत ती बसली, मी बाजूच्या स्टुलावर. चुंबक घाबरलाच. “आई, काय झालं? बरं नाही का?”

“यांचा दाढीचा ब्रश होता ना,” ती म्हणाली, “लाकडी मुठीचा. आरशापाशी ठेवलेला असतो तसाच. काल पुसताना हातातून पडला आणि मूठ फुटली. आत पोकळी होती. त्यात हे.”

तिने मूठ उघडली. तळहातावर लाल नाणं होतं. इतका वेळ आवळून धरल्यामुळे तळव्यावर त्याचा गोल उमटला होता. “रात्रभर हातातच धरून बसले,” ती म्हणाली. “तू बघ. आणि मला सांग.”

काय बघायचं ते कुणी कुणाला सांगायची गरज नव्हती. ते मुलामा दिलेलं निघालं तर वडील खरे. गटारात टाकलं एवढीच थाप, घाबरट माणूस, भीतीने लपवलं असेल, एवढ्यावर सुटले असते. आणि खरं तांब्याचं निघालं तर मामा खरा. मग भावाला दिलेला निरोप, त्याची न घेतलेली गाठ, सगळं तिच्या डोक्यावर. त्या दुकानात एरवी येणारा प्रत्येक माणूस नाणं चिकटू नये म्हणून देव पाण्यात घालून बसायचा. त्या सकाळी आम्ही तिघं ते चिकटावं म्हणून बसलो होतो. मी तर मनातल्या मनात ‘चिकट, मेल्या, चिकट’ असंच म्हणत होते.

त्याने ते आईच्या हातातून उचललं आणि मागच्या टेबलाकडे गेला. तपासणीचा दिवा तिथं होता, त्यामुळे पाठ आमच्याकडे व्हायची. मी स्टुलावर कडेला होते म्हणून मला त्याचे हात दिसत होते. मावशीला नुसती पाठ. त्याने खिशातून चुंबक काढला.

आवाज आला नाही.

मावशी कान देऊन बसली होती. “लागलं का रे?” तिने विचारलं.

“थांब, दिवा नीट नाहीये,” तो म्हणाला. दिवा चांगला लख्ख होता.

मग त्याने भिंग डोळ्याला लावलं. आता आठाचा तीन केलेला निघो, एवढी एकच आशा उरली होती, म्हणजे पुढच्या कुठल्या तरी वर्षाचं साधं नाणं कुणी तरी वडिलांच्या गळ्यात मारलं असं तरी म्हणता आलं असतं. तो इतका वेळ वाकून बघत होता की मला उठून त्याच्या हातातून ते काढून घ्यावंसं वाटलं. भिंग खाली ठेवलं. छोट्या काट्यावर नाणं तोललं. पुन्हा भिंग. त्याची मान हळूहळू लाल होत गेली ती मी बघत होते. त्याने दोन्ही हात टेबलावर टेकले आणि तसाच उभा राहिला. मला कळलं. ते शेपूट लांब होतं.

आणि मग त्याने जे केलं ते तो करेल असं मला कधी वाटलं नसतं. टेबलाखाली एक पत्र्याचा डबा असायचा. मुलामा दिलेली नाणी लोक रागाने तिथंच टाकून जात, ती त्यात पडलेली असत. त्याने डब्यात हात घातला, चाचपून एक निवडलं, उजेडात धरलं, ठेवलं, दुसरं घेतलं. झीज, रंग, कडेचा डाग, सगळं मिळतंजुळतं हवं ना! अशा कामातही त्याला नीटनेटकेपणा सुटला नाही. आईचं नाणं त्याने पँटच्या खिशात सरकवलं. मग दुसरं चुंबकाला लावलं.

टक्‌.

तो वळला तेव्हा चुंबकाला लटकलेलं लाल नाणं त्याच्या हातात होतं. आईच्या डोळ्यात डोळे घालून म्हणाला, “खोटं आहे, आई. मुलामाच आहे. बाबा खरं बोलत होते.”

खोटं. नाण्याबद्दल तो शब्द मी त्याच्या तोंडून पहिल्यांदा ऐकला. आणि खरं सांगते, त्याच्याबद्दल एवढी माया मला कधी वाटली नव्हती.

मावशीच्या चेहऱ्यावरून काहीतरी उतरलं. कितीतरी वर्षांनी कुणीतरी पाठीवरचं गाठोडं उचलावं तसा तिचा श्वास सुटला. “दे,” ती म्हणाली. त्याने चुंबकावरून नाणं ओढून काढलं आणि तिच्या तळहातावर ठेवलं. तिने सवयीने मूठ मिटली.

मिटली आणि तशीच थांबली. मग उघडली. पुन्हा मिटली.

“हे गार आहे,” ती म्हणाली.

“हवाच गार आहे, आई.”

“माझं रात्रभर हातात होतं. आत्ता तुझ्या हातात होतं. हे डब्यातून काढल्यासारखं गार आहे.”

रंग बघितला, झीज बघितली, साल बघितलं. आयुष्यभर दुसऱ्यांच्या लबाड्या पकडणाऱ्या ह्या माणसाने हाताची ऊब तेवढी विचारात घेतली नव्हती. नाण्याला ऊब असते हे नाणी तपासणाऱ्याच्या डोक्यात येतच नाही.

मावशी रडली नाही. मुलाच्या तोंडाकडे ती खूप वेळ बघत राहिली. मग म्हणाली, “तुझे बाबाही अगदी असंच सांगायचे. असंच, डोळ्यात डोळे घालून. मान खाली न घालता.” मग हात पुढे केला. “माझं दे.”

त्याने खिशातून काढून दिलं. ते मात्र गरम असणार.

“आई, मी तुझ्यासाठी…”

“ते माहीत आहे मला,” ती म्हणाली. “त्यांनीही माझ्यासाठीच सांगितलं असेल.” आणि मला म्हणाली, “पोरी, तू चल माझ्याबरोबर. ह्याला नको.”

आम्ही मामाच्या घरी गेलो. दुसरा मजला, दोन खोल्या, जिन्यात रॉकेलचा वास. मामी म्हातारी झाली होती, खिडकीशी बसून मटार सोलत होती. नणंदेला बघून तिचे हात थांबले, पण ती उठली नाही. मावशीने नाणं टेबलावर ठेवलं.

“वहिनी, दादा खरं बोलत होता.”

मामीने नाण्याकडे नुसतं बघितलं. हात लावला नाही. “मला कशाला सांगतेस?” ती म्हणाली. आवाज चढला नव्हता, म्हणूनच जास्त लागला. “मला पहिल्या दिवसापासून माहीत आहे. ज्याला ऐकायचं होतं, तो शेवटपर्यंत ह्या दाराकडे बघत होता. मी दार लावायला गेले की म्हणायचा, राहू दे उघडं.” मग पुन्हा मटार सोलायला लागली. “ते नाणं उचल. मला घरात नको.”

मावशीने ते उचललं. पुढे त्याचं काय केलं ते तिने कुणालाही सांगितलं नाही, आणि चुंबकाने कधी विचारायचं धाडस केलं नाही. एवढा वेडा संग्राहक तो, आयुष्यात त्याच्या हाती खरं लाल नाणं एकदाच आलं, आणि तेही असं. दुकान त्याने चालू ठेवलं. तसाच बसायचा, तसंच सांगायचा. पण त्याच्या आवाजातला तो ताठा गेला होता. ऐकणारी मीच होते म्हणून मला कळायचं.

तो आईकडे रोज जायचा, जेवण द्यायचा, पाय चेपायचा. तीही त्याच्याशी बोलायची, रुसवाफुगवा काही नाही. फक्त त्याने काही सांगितलं की ती आधी त्याच्या तोंडाकडे बघायची. दूध संपलं म्हणाला तर स्वतः उठून पातेलं बघायची.

पुढच्या वर्षी तिच्या गळ्याशी गाठ आली. तुकडा काढून तपासायला पाठवला. ज्या दिवशी निकाल येणार होता त्या दिवशी मी तिच्याजवळ बसले होते. चुंबक जिना पळत चढून आला. त्याचे डोळे भरून आले होते. “आई, काही नाही! डॉक्टर म्हणाले, नुसती साधी गाठ आहे. काही करायची गरज नाही.” बोलताना तो तिच्या डोळ्यांत बघत होता.

मावशीने त्याला नीट निरखलं. मग चादर गळ्यापर्यंत ओढून घेत मला म्हणाली, “पोरी, एवढं काम कर. तू जाऊन डॉक्टरांना विचारून ये.”

त्याच्या देखत. मला त्या बाईचा इतका राग आला, आणि तिच्यावर रागावता येईना. मी गेले. डॉक्टरांनी तेच सांगितलं, शब्दाला शब्द. मी परत येऊन तिला सांगितलं तेव्हा ती म्हणाली, “असं का? मग बरं झालं,” आणि त्यानंतर तिला शांत झोप लागली.

चुंबक जिन्यातच उभा होता. खोलीत आलाच नव्हता. मी बाहेर आले तेव्हा कठड्याला धरून म्हणाला, “ताई, मी खरंच सांगितलं होतं.”

मामाही असंच म्हणाला असेल, असं माझ्या मनात आलं. पण ते मी बोलले नाही. मी नुसतं हो म्हणाले.